माझ्या मुलाच्या दोन आया

नाही गं बायांनो, आमच्या ह्यांची दोन लग्नं नव्हती झाली! दुपारपासून सगळ्या तेच विचारताय, म्हणून इथंच सांगते.

आमचा विनू ब्रिटिश पासपोर्टवाला, आता फ्रान्समध्ये स्थायिक झालाय. तिथलं नागरिकत्व हवं तर आईबापाचेही दाखले लागतात. दिले पाठवून. आज सकाळी त्याचा फोन, आवाज पार उतरलेला.

"आई, तुझ्या जन्मदाखल्यात चंद्री, लग्नाच्या दाखल्यात सुमती. कचेरीतली बाई विचारतेय, यातली माझी आई कोण? अर्ज अडकलाय. बाबांनी आधी कुणाशी..."

मी चाटच पडले! एकोणीसशे साठच्या सुमाराला इथं जयपुरात आमचं लग्न लागलं. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुमती' लिहिलं, की चंद्री संपली.

"हो रे, दोघी होत्या," मी म्हटलं. "पहिली माहेरीच राहिली, दुसरीनं तुला जन्माला घातलं."

तो हसेचना. मग इथल्याच दुर्गापुऱ्यातल्या वकिलाकडे जाऊन, दोघी एकच म्हणून लिहून दिलं.

"माताजी, साइन कौनसे नाम से?" वकील म्हणाला. माझा हात थांबला.

तुमचंही नाव बदललं असेल. विचारलं होतं कुणी?

मला नव्हतं विचारलं. सुमती हे नाव मला एक दिवसही आवडलं नाही.