कानसेनचं दुकान

आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. दुरुस्ती करणाऱ्याला सगळी गल्ली ‘कानसेन’ म्हणायची. बिघडलेलं मशीन समोर आलं की तो आधी डोळे मिटून कॅबिनेटला कान लावायचा. पंखा अडतोय की डिस्क कुरकुरतेय, हे स्क्रू काढायच्या आत सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही.

पुढे साखरेनं त्याचे डोळे गेले. आधी बारीक अक्षरं गेली, मग चेहरे, शेवटी नुसता उजेड-अंधार कळायचा. आता दुकानाला टाळं लागणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्याची बायको, आमची वहिनी, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभी राहिली. तो स्टुलावर बसून सांगायचा, ती करायची. सुरुवातीला तिनं फार बोलणी खाल्ली. हळूहळू हात बसला, इतका की त्याला न विचारताही तिचं अडलं नसतं. तरी गिऱ्हाइकासमोर ती म्हणायची, “थांबा हं, यांना विचारून सांगते.” आणि खरंच विचारायची. “कान शाबूत आहेत तोवर मी आंधळा नाही,” असं तो चहा पिताना मला ऐकवायचा.

एकदा सकाळी पलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टर स्वतःचा कॉम्प्युटर रिक्षातून घेऊन आल्या. सुरू केला की कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरायला लागतात आणि तिथेच सगळं थिजतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी लहानपणीच आजारानं गेली होती. तिचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. एवढं एका दमात सांगून त्या ड्युटीवर गेल्या.

वहिनीनं नेहमीप्रमाणे आधी मागच्या जादा वायरी काढल्या. फरक पडला नाही. रॅमच्या पट्ट्या काढून पुसल्या, एकेक लावून पाहिली. ठिपके फिरायचे आणि थांबायचे. तेव्हा तिला आवाज ऐकू आला. टक्, टक्, टक्. हार्ड डिस्क आतून आपटत होती. अशी डिस्क क्षणभरही चालवायची नसते. ताबडतोब बंद करून काढायची, दुसऱ्या मशीनला जोडून निघेल तेवढं उतरवून घ्यायचं आणि मगच पुढचा विचार. हे तिला शिकवलं होतं कानसेननंच.

तो ‘बंद कर’ म्हणेल म्हणून ती थांबली. तो मान कलती करून, अगदी मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, “डिस्क ठणठणीत आहे. आतली एखादी फाइल बिघडली असेल. फाइल दुरुस्तीचा प्रोग्रॅम लाव.”

त्या क्षणी मनात काय आलं, ते वहिनीनं नंतर मला सांगितलं. हल्ली दोनदोनदा हाक मारावी लागायची, तो रागावलाय असं तिला वाटायचं. आता कळलं, त्याचे कानही चालले होते. डिस्क काढून बघू का, असं तिनं हळूच विचारलं. मी ऐकलंय ना, म्हणून तो खेकसला. तिनं प्रोग्रॅम सुरू केला. स्क्रीनवरचे आकडे मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिले. टकटक वाढली, मग काहीतरी घासल्यासारखं झालं आणि मग चिडीचूप. त्यानंतर मशीनला ती डिस्क दिसेनाच.

संध्याकाळी सिस्टर आल्या तेव्हा मी तिथेच होतो. वहिनीनं आडपडदा न ठेवता झालं ते सांगितलं. सिस्टर बाकावर बसल्या. वॉर्डात विचारतात तशाच आवाजात त्यांनी विचारलं, “बंद पडायच्या आधी काही लक्षण होतं का?”

“टकटक होत होती.”

“केव्हापासून?”

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. “पहिल्यापासून.”

“कसली टकटक?” कानसेन म्हणाला. त्यानं माझ्या दिशेला तोंड वळवलं. “तुला ऐकू आली?”

मला भिंतीपलीकडून ऐकू आली होती. मी हो म्हणालो. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले आणि तसाच बसून राहिला.

“माहीत होतं, तर तुम्ही थांबवलं का नाही?” सिस्टरांनी वहिनीला विचारलं.

“यांच्यापाशी आता तेवढंच उरलं होतं, सिस्टर.”

“माझ्यापाशीही तेवढंच होतं,” सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या.

वहिनीनं डिस्क मोठ्या शहरातल्या जाणकारांकडे पाठवली. आतल्या तबकड्या खरवडल्या गेल्यात, काहीही निघणार नाही, असं उत्तर आलं. सिस्टर कॉम्प्युटर न्यायला आल्याच नाहीत. रस्त्यात भेटल्या की अजून वहिनीची चौकशी करतात. एकदा चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणते.

कानसेननं त्या दिवसापासून दुकानाची पायरी चढली नाही. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, ते डबीतच राहिलं. दुकान वहिनी एकटी चालवते, कुणालाही न विचारता, आणि काम चोख असतं. रात्रीच्या जेवणाला तो विचारतो, आज काय आलं होतं? वहिनीला ओरडून सांगावं लागतं, शेजारच्या दोन घरांना ऐकू जातं. तो मान हलवतो आणि जेवत राहतो. बिघाड काय होता, हे विचारत नाही.