फडताळातले नमुने

माझी चित्रकला शिक्षकाची नोकरी कायम झाली ती आमच्या घरच्या फडताळामुळे.

गोष्ट एकोणीसशे पंचावन्नच्या आसपासची. भांडुपच्या शाळेत मी नवा होतो. दिवाळीची सुट्टी संपताच तपासणी होती. वर्गातली नमुन्याची चित्रं विषयवार लावलेली दिसली नाहीत तर कायम होणं विसरा, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. वर्गातल्या कपाटाला वाळवी लागलेली, म्हणून साठ-सत्तर चित्रांचा गठ्ठा मी घरी आणला, खाटेवर टाकला आणि (कलावंत ना मी!) चार दिवस माहुलला मित्राकडे मासे खायला निघून गेलो.

परत येऊन पाहतो तर खाट रिकामी.

"आई, इथले कागद कुठे गेले?"

"फडताळात घातले. इतका जाड कागद कुठे मिळतो रे?"

दिवाळीची साफसफाई झाली की फडताळात नवे कागद घालायचे, ही आमच्याकडची रीत. मी धावत जाऊन डबे उचलले. तांब्याच्या चित्रावर तांब्या, वांग्याच्या चित्रावर वांगी, केळ्यांवर केळी! जास्वंदी थेट देवघरात. सगळ्यांवर तेलातुपाचे डाग; कपबशीच्या चित्रावर तर चकल्यांचा डबाच झिरपला होता. वस्तू जागच्या जागी ठेवायला बरं पडतं, असं आईचं म्हणणं. मी डोकं धरून बसलो आणि नोकरी जाणार म्हणून सांगितलं. मग दुपारभर आईने एकेका डागावर तांदळाचं पीठ चोळलं आणि कप्प्याकप्प्याने गठ्ठे बांधून दिले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी गठ्ठे सोडले, जरा हुंगले. भांडी एकीकडे, भाज्या एकीकडे, फुलं एकीकडे. इतकी नीट वर्गवारी कुठल्याच शाळेत पाहिली नाही, असं ते म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

एकच चित्र बिनडागाचं निघालं होतं. ते मी स्वतः वर्गासाठी नमुना म्हणून काढलेलं. कायम झालो त्या दिवशी आईच्या हातावर पेढा ठेवला आणि ते का नाही वापरलंस, म्हणून विचारलं.

"कोण बाई ती, मला कळेना. परक्या बाईला आपल्या फडताळात कशी ठेवू?"

ते आईचंच चित्र होतं.

आई जाऊन खूप वर्षं झाली. फार आठवण येते. ते चित्र आता भिंतीवर आहे. खाली मी ठळक अक्षरांत 'आई' लिहून ठेवलंय, नाहीतर मलाही शंका येते.