हमीदाची डोंगरावरची सुट्टी

जळगावात हमीदाच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजला गेला. सासऱ्याच्या काळी दारोदार पिंजण घेऊन फिरायचे, नवऱ्यानं रहीमनं दुकान टाकलं, आणि आता मुलगा तौफिक यंत्रावर गाद्या भरतो. पण गाद्यांमधला जुना, दगडासारखा बसलेला कापूस यंत्रात घालायच्या आधी झोडून मोकळा करावा लागतो. ते काम पहिल्यापासून हमीदाचं. दोन हातांत दोन वेताच्या काठ्या घेऊन ती बसली की समोरचा माणूस दिसेनासा होईल इतका कापूस उडायचा. पन्नाशी उलटली तरी दंड गड्यासारखे. बांगड्या भरायला गेली की कासारीण म्हणायची, "तुमचं माप बाई, पुरुषांत शोधावं लागेल."

अंगात एवढी ताकद, पण तिनं कुणाला चापट मारल्याचं मोहल्ल्यात कुणी पाहिलं नव्हतं. तौफिक लहानपणी महाखोडकर होता. त्यालाही नाही. रहीम गेला त्या वर्षी एका गिऱ्हाइकानं दुकानात येऊन तिला नाही नाही ते ऐकवलं, तेव्हाही ती मान खाली घालून गादी शिवत राहिली होती.

अशा बाईला सुट्टीचा नाद लावला तो लीलाधर सरांनी. सर शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या मंडळानं रावेरच्या वर, सातपुड्यात, एक पडका डाकबंगला सांभाळायला घेतला होता. दगडी भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. वीज नाही, पाणी झऱ्याचं. दर डिसेंबरात मंडळाची माणसं आठवडाभर तिथं जाऊन राहायची. कुणी कौलं चाळायचं, कुणी दारांना तेल द्यायचं, कुणी पायवाटा नीट करायचं. मजुरी नाही, राहणं आणि जेवण तेवढं मंडळाचं. सर दुकानात बंगल्यातल्या गाद्यांचं विचारायला आले. "त्या खाली आणायच्या म्हणजे दोन फेऱ्या होतील," ते म्हणाले. हमीदा पटकन बोलून गेली, "मग मीच वर येते."

तौफिक हसून हसून बेजार झाला. "अम्मी, आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी घेतेस, आणि तिथं जाऊन गाद्याच भरणार?"

"तिथं माझ्या डोक्यावर पंखा घरघरत नसेल," ती म्हणाली.

ती गेली आणि डोंगराच्या प्रेमात पडली. सकाळी ओसरीवर ऊन यायचं, समोर सागाचं रान, खाली दूरवर केळीच्या बागांचा हिरवा पट्टा. गाद्या वाळत घालायच्या, झोडायच्या, भरायच्या, हातभर सुईनं टाके घालायचे. आणि कंटाळा आला की काठ्या टाकून नुसतं बसायचं. नुसतं बसणं ही चीज तिला तिथंच कळली. दुसऱ्या वर्षी गेली, तिसऱ्या वर्षीही गेली.

तिथला राखणदार निंबा. मूळचा शिंदखेड्याचा, साठीचा, एकटा. बायको वारल्यावर इकडं आला तो इथलाच झाला. हमीदाला अक्का म्हणायचा. दोघांचं बरं जमायचं, कारण दोघंही कमी बोलायचे. निंबाला मात्र एका बाबतीत राग आवरायचा नाही. रानातला साग चोरीला जायचा, आणि खोडांचे ओले बुंधे दिसले की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्यानं लाकडानं भरलेली एक पिकअप ओढ्यापाशी पाहिली आणि सरळ वनरक्षकाला जाऊन सांगितलं. गाडी जप्त झाली. गाडी होती जीवरामची. हा खालच्याच गावचा. आधी ट्रॅक्टरवर होता, मग लाकडाच्या धंद्यात शिरला.

"त्यानं काही केलं तर?" हमीदानं विचारलं.

"काय करी? माले मारीसन त्याले गाडी परत भेटनार शे का?" निंबा म्हणाला आणि विडी पेटवली.

त्या डिसेंबरात चौथ्या दिवशी दुपारी लीलाधर सर बाकी सगळ्यांना घेऊन झऱ्यावर नळी टाकायला गेले. झरा खाली, दरीच्या पलीकडे. बंगल्यावर निंबा आणि हमीदा दोघंच. निंबा पायरीवर बसून पायवाटेच्या फळ्या तासत होता. हमीदा आतल्या खोलीत दार लोटून कापूस झोडत होती, म्हणून तिला मोटारसायकलींचा आवाज आलाच नाही. काठ्या थांबवून पदरानं तोंड पुसताना तिला बाहेर कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं. तो खोकला नव्हता. निंबाच्या पोटात लाथ बसली होती.

तिनं फटीतून पाहिलं. तिघे होते. निंबा अंगणात गुडघ्यांवर होता आणि दोघं त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारत होते, पाठीवर, मांड्यांवर, घाई न करता. तिसरा पायरीवर उभा होता. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, हातात पात्यासकट कुऱ्हाड. हाच जीवराम हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"बोट दाखवलंस ना माझ्या गाडीकडं?" जीवराम म्हणाला. "कुठल्या हाताचं?"

निंबाच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. तरी तो म्हणाला, "बठ्ठा डोंगर कापी लई जाशी का रे? तुना बापना शे का?"

हमीदा बाहेर गेली नाही. नंतर पुष्कळांनी तिला विचारलं, तेव्हाही तिनं लपवलं नाही: ती घाबरली होती, गाद्यांच्या ढिगामागं जाऊन बसली होती, कान दाबून घेतले होते. तरी मारण्याचा आवाज येत होता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ओल्या गादीवर काठी पडली की असाच येतो.

मग निंबा ओरडला. माणसाच्या गळ्यातून तसा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. त्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरला होता आणि जीवरामनं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं त्यावर घाव घातला होता. ती दोन्ही काठ्या घेऊन दारात आली तेव्हा कुऱ्हाड दुसऱ्यांदा वर गेली होती.

तिची पहिली काठी जीवरामच्या मनगटावर बसली. काडी मोडावी तसा आवाज झाला. कुऱ्हाड सुटून पायरीवरून घरंगळली. तो वळला, त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आणि दुसरी काठी त्याच्या तोंडावर बसली. निंबाला धरून बसलेला माणूस उठला आणि त्यानं दांडा फिरवला. तो तिच्या खांद्यावर आदळला, हासळीचं हाड मोडलं. तिला ते तेव्हा कळलंही नाही. डावा हात लोंबायला लागला, एवढंच कळलं. उजव्या हातातल्या काठीनं तिनं त्याच्या कानशिलावर असा वार केला की तो धडपडत अंगणाबाहेर गेला. दुसऱ्या साथीदारानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मोटारसायकलीकडं पळ काढला. दोघांनी जीवरामला तिथंच टाकलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण हमीदा थांबली नाही. जीवराम पायरीच्या खाली पडला होता, कुऱ्हाड त्याच्यापासून लांब होती. तो हात वर करून म्हणत होता, "बस मावशी, बस. झालं." तिनं त्याच्या गुडघ्यावर मारलं. पुन्हा त्याच गुडघ्यावर. मग तोंडावर. काठी पिचली, तिच्या धारेनं त्याचा डोळा फाडला. ती मारत राहिली, कापूस झोडायच्या त्याच ठेक्यात, तोंडातून एक शब्द न काढता, एकाच हातानं.

"अक्का, बस! मरी जाई तो!"

निंबा ठेचलेला हात छातीशी धरून सरपटत आला आणि जीवरामच्या अंगावर आडवा पडला. एक फटका निंबाच्याच पाठीत बसला. तेव्हा कुठं तिनं हातातल्या पिचलेल्या काठीकडं पाहिलं, आणि ती फेकून दिली.

आरडाओरडा ऐकून लीलाधर सर आणि माणसं धावत वर आली. जीप एकच होती. पुढं निंबा, मागच्या बाकावर जीवराम, आणि त्याचं डोकं धरायला कुणी पुढं होईना. हमीदाच मागं चढली. घाटाच्या प्रत्येक वळणावर तिचं मोडलेलं हाड आत टोचत होतं, आणि मांडीवर त्याचं डोकं. पदर त्याच्या डोळ्यावर दाबून ठेवला होता, तो भिजून जड झाला होता. एकदा तो शुद्धीवर आला. कोणाच्या मांडीवर आहोत हे त्याला समजलं, आणि तो लहान मुलासारखा थरथरायला लागला. "नाही मारत," ती म्हणाली. "आता नाही मारत." त्याचा विश्वास बसला नाही. रावेर येईपर्यंत तो थरथरतच होता.

जीवरामचा एक डोळा गेला, एक पाय कायमचा लुळा झाला. निंबाची दोन बोटं कापावी लागली.

दवाखान्यात जबाब घ्यायला फौजदार आले. आधी लीलाधर सरांनी तिला कानात समजावलं, "ताई, एवढंच सांगा. त्याच्या हातात कुऱ्हाड होती आणि तुम्ही जीव वाचवायला मारलं. खोटं नाहीये ते."

हमीदानं तेवढं सांगितलं, आणि मग पुढचंही सांगितलं. "कुऱ्हाड पडल्यावरही मारलं मी. तो बस म्हणत होता."

फौजदारांनी लिहिणं थांबवलं. "बाई, हे लिहू का?"

"घडलं तसं लिहा."

तौफिकनं कपाळावर हात मारला. जीवराम आणि त्याच्या दोघा साथीदारांवर गुन्हा दाखल झाला, तसा हमीदावरही झाला. तिला जामीन मिळाला, जखमी म्हणून जीवरामलाही. पेपरवाल्यांनी मात्र तिला रणरागिणी करून टाकलं. कुणी सत्कार ठेवला, शाल घेऊन माणसं दुकानात आली. तिनं त्यांना चहा पाजला आणि शालीसकट परत पाठवलं. घरी नातवंडं तिच्या गळ्यात पडायला आली की ती उजवा हात मागं घ्यायची. सून अलफियानं हे टिपलं.

फाल्गुनात एक बाई दुकानाच्या पायऱ्या चढून आली. तिशीची, काटकुळी, डोक्यावर घट्ट पदर. "हमीदा पिंजारी तुम्हीच का?" तिनं विचारलं. हमीदा हो म्हणते न म्हणते तोच तिनं फाडकन तिच्या मुस्काटात ठेवून दिली. तौफिक गज घेऊन गल्ल्यामागून उडी मारून आला. हमीदानं त्याला चांगल्या खांद्यानं अडवलं. "हात नाही लावायचा. कुणीच नाही."

ती जीवरामची बायको, सारिका. मारून झाल्यावर तिलाच धाप लागली. तिनं पदर मागं सारला. गळ्यावर बोटांचे निळे वळ होते, कानाची पाळी चिरलेली.

"पाय मोडलास त्याचा," ती म्हणाली. "मोडायचाच होता तर हात कशाला सोडलास? मनगट जुळलं त्याचं. आधी रानात तरी जायचा, दिवसभर सुटका व्हायची माझी. आता चोवीस तास खाटेवर असतो. पाणी द्यायला जवळ गेलं की धरतो."

हमीदानं तिला खाली बसवलं. सारिका रडली नाही, पाणीही प्यायली नाही. तिनं फक्त विचारलं, "तुला मारताना कसं वाटत होतं? खरं सांग."

हमीदानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "बरं वाटत होतं. म्हणूनच थांबता येईना."

सारिकानं मान हलवली. "त्यालाही तसंच वाटत असणार," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी हमीदानं तिला सासरी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तौफिकनं दोघींना मोटारीनं असोद्याला, सारिकाच्या भावाकडं नेलं. भाऊ कुरकुरला, त्याची आणि तौफिकची गाडीपाशी हमरीतुमरी झाली. पण बहिणीचा गळा पाहिल्यावर त्यानं दार उघडलं. सारिका आता तिथंच असते, केळीच्या बागेत कामाला जाते. जीवरामला त्याची आई सांभाळते. त्याचे साथीदार पकडले गेले. खटले अजून चालू आहेत, हमीदाचाही. तारखेला ती एकटी जाते, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात कुबडीवरचा जीवराम दिसला की दोघंही भिंतीकडं बघतात.

पुढच्या डिसेंबरात ती डोंगरावर गेलीच. घरात मोठं भांडण झालं, तरी गेली. खांदा वर जात नव्हता, म्हणून सरांनी तिला स्वयंपाकाला घातलं. पहिल्या दुपारी खालून गाडीचा आवाज आला आणि तिच्या हातातलं पातेलं सुटलं. पिठाची पोती घेऊन मंडळाचाच टेम्पो आला होता.

नंतर ती निंबापाशी जाऊन बसली. तो डाव्या हातानं ओसरीच्या कठड्याला फळ्या ठोकायला शिकत होता.

"निंबाभाऊ, तुम्ही मध्ये पडला नसता तर?"

त्यानं खिळा तोंडातून काढला. "तर तू थांबती नही, अक्का. मी तुना डोया दखात."

तिला वाटलं होतं, तो समजूत घालेल, डोळ्यांत काय पाहिलं ते सांगणार नाही. त्यानं नाही घातली, आणि कुठंतरी तिला त्याचं बरंच वाटलं.

"मग मी इथं आलेली चालते तुम्हाला?"

"मी तुले नही म्हनं का? ही फळी धर. नीट धर, हालाडू नको."

तिनं धरली. निंबानं हातोडी उगारली, ती खिळ्याऐवजी नेमकी तिच्या अंगठ्यावर बसली. हमीदानं अशी कचकचीत शिवी हासडली की स्वयंपाकघरातून लीलाधर सर धावत बाहेर आले. निंबा माफी मागायचं सोडून हसत सुटला. ती अंगठा तोंडात धरून त्याच्याकडं डोळे वटारून पाहत राहिली, मग तिनं दुसऱ्या हातानं फळी पुन्हा जागेवर दाबली.

"मार आता," ती म्हणाली. "पण बघून मार."