अकरा महिन्यांची भिंत

बिरवाडीतल्या श्रीपतशेठच्या चाळीत खोल्या सहा. एकोणीस वर्षांत शर्मिला त्या सहाही खोल्यांत तीन-तीनदा तरी राहिली.

अकरा महिने भरले की सामान अंगणात काढायचं, शेठने कुलूप घालायचं, आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद करून शेजारच्या खोलीत चूल मांडायची. जुना कागद शेठ परत घेऊन फाडायचा. "भाडेकरू एका जागी मुरला की मालक होतो," असं हसत हसत सांगायचा. माणूस वाईट नव्हता. शर्मिलाच्या नवऱ्याच्या आजारपणात गाडी त्यानेच काढली होती. पण खोलीच्या बाबतीत त्याचा सख्ख्या भावावरही विश्वास नव्हता. आणि ही बाई इतकी भोळी, की त्याने मागायच्या आधीच कागदाची घडी त्याच्या हातावर ठेवायची.

चाळीत खिळा ठोकायला बंदी. बुद्धरत्न, तिचा नवरा, पोलादपूरकडची वाडी सोडून कंपनीत लागला त्याच आठवड्यात महाडच्या बाजारातून बुद्धांची तसबीर आणि एक जाडजूड खिळा घेऊन आला होता. खिळा त्याने चहाच्या डब्यात टाकला. म्हणाला, "ह्यो आपल्या सोताच्या भिंतीला गो." तो जाऊन सहा वर्षं झाली. तसबीर अजून पत्र्याच्या पेटीवर टेकून उभी होती. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटून ती घरी आली की त्या डब्याकडे बघायची. त्या न बांधलेल्या भिंतीची तिला इतकी ओढ होती, की तिचा रंगसुद्धा तिने मनात ठरवून टाकला होता.

यंदा घरकुलाच्या यादीत तिचं नाव आलं. ज्याला जागा नाही त्याला गावठाणात जागा मिळणार होती, फक्त गावात सलग राहिल्याचा पुरावा हवा होता. रेशनकार्ड अजून वाडीच्या पत्त्यावर. हातात कागद एकच, नऊ महिन्यांपूर्वीचा.

ग्रामसभेत ग्रामसेवकाने विचारलं, "शेठ, या किती वर्षं तुमच्याकडे आहेत?"

श्रीपतशेठने टोपी सारखी केली. "कागदावर हाय तेवढंच. नऊ महिने."

सगळ्या गावाला खरं ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. ग्रामसेवकाने तिच्या नावावर काट मारली.

शर्मिला खोलीवर आली, डब्यातला खिळा काढला आणि वरवंट्याने भिंतीत ठोकायला लागली. गिलाव्याचे पोपडे खाली पडले. आवाज ऐकून शेठ धावत आला.

"भाड्याच्या भिंतीला खिळा? उद्याच्या उद्या खोली खाली कर!"

"करते की, दादा. पण लिवून द्या. एकोणीस वर्सं ऱ्हायलेल्या बाईनं खिळा ठोकला म्हणून घालवतो, आसं लिवा नि खाली सही करा."

 शेठने भिंतीकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, आणि टोपी सारखी करत निघून गेला.

तसबीर लावायला म्हणून तिने उचलली. मग तिला बुद्धरत्नाचं बोलणं आठवलं आणि रडू फुटलं. ही भिंत त्याने सांगितलेली नव्हती. तिने खिळा हलवून हलवून उपटला, पदराने पुसला आणि परत डब्यात टाकला.

भिंतीतलं भोक मात्र तिने बुजवलं नाही.