फक्त वेल्डर

कापसाच्या पडत्या वर्षांत लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मशीनपेक्षा आमच्या गप्पांचाच आवाज जास्त असायचा. कापूस कमी, जो यायचा त्याला भाव नाही, सरकी काढणाऱ्या निम्म्या जिनिंग बंद. जिनिंग चालली नाही की तिचे रोलर झिजत नाहीत, शाफ्ट वाकत नाहीत, आणि मग आमच्या वर्कशॉपला कोणी विचारत नाही. अकरा वाजेपर्यंत माझा तिसरा चहा झालेला असायचा. मला रिकामं बसणं जमत नाही. बसलो की पाय हलतो, आणि पाय हलला की बायको ओरडते, की घरातली लक्ष्मी हाकलून राह्यले म्हणून.

वर्कशॉप चाचांचं. ते माझे कोणी लागत नव्हते. सगळी एमआयडीसीच त्यांना चाचा म्हणायची. मी आयटीआयचं वेल्डिंगचं सर्टिफिकेट घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी ते न वाचताच परत दिलं. म्हणाले, "वेल्डिंग तर तुले येते. आता काम शीक." मग बारा वर्षं शिकलो. लेथ, गियर कापणं, रोलर बसवणं, जळालेली मोटर नवी तार गुंडाळून भरणं. सीझनमध्ये मुकुटबनच्या जिनिंगमधून बोलावणं आलं की एकट्यानंच एसटीनं जायचं आणि मशीन चालू करूनच परतायचं. तिथं दुसरा मिस्त्री कुठून आणणार? चाचा म्हणायचे, एका कामाचा मिस्त्री म्हणजे एका चाकाची सायकल.

कॅनडाचं खूळ माझ्या डोक्यात नागपूरच्या एका एजंटानं घातलं. तिकडच्या मोठ्या शहरांत नंबर लागत नाही, पण आतल्या बाजूला गव्हाचे प्रांत आहेत, माणसं कमी, ते आपल्यापुरते कारागीर स्वतःच निवडतात, असं तो म्हणाला. मशिनरी मेकॅनिक त्यांच्या यादीत होता. पाहिजे होतं फक्त मालकाचं अनुभवाचं पत्र.

आमच्या वर्कशॉपमध्ये अशा पत्राची एक रीत होती. शागीर्द बाहेर पडला की उस्तादानं त्याला जे जे शिकवलं ते ते सगळं कागदावर द्यायचं. एखादं काम सुटलं, तर त्याचा अर्थ त्या कामापुरती उस्तादाची हमी नाही. चाचा डोळे मिटून सांगत गेले, मी लिहीत गेलो, पानभर झालं. खाली त्यांनी सही केली, शिक्का दोनदा मारला, एक पुसट उठला म्हणून.

मी लगेच गरम कपड्यांचे भाव विचारायला लागलो. बायको हसायची. "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. आधी कागद तर येऊ द्या!"

कागद आला नाही, नवा नियम आला. त्या प्रांतानं यादी बदलली. मेकॅनिक गेला, वेल्डर राहिला. आणि वेल्डरनंही इतकी वर्षं पूर्णवेळ वेल्डिंगच केल्याचं दाखवायचं. एजंटानं चाचांचं पत्र टेबलावर आपटलं. "हे वाचून तिकडचा माणूस म्हणेल, एक ना धड भाराभर चिंध्या. फक्त वेल्डर लिहून आण. आठ दिवसांत."

नवं पत्र टाइप करून मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी चाचांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, चार ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"हे तर मी तुले शिकवलंच नाही," ते म्हणाले.

"नवा नियम हाय, चाचा. एकच काम लिहा लागते."

"अन् बाकीचं? बारा वर्षं काय झाडू मारला काय तू इथं?"

मी पेन पुढं केलं. त्यांनी चिंधीनं हात पुसले, सही केली आणि शिक्का माझ्याकडे सरकवला, मीच मारावा म्हणून. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर रागही आला. ह्यांच्या अभिमानापायी मी काय जन्मभर लोहाऱ्यात बंद मशीनला तेल देत बसू?

पत्र गेलं. एजंटानं बजावलं, "दिल्लीतल्या कॅनडाच्या वकिलातीतून मालकाला फोन येईल, पत्र खरं का ते विचारायला. म्हाताऱ्याला सांगून ठेव, विचारलं तर एकच वाक्य बोलायचं. वेल्डर आहे."

तेवढं एक वाक्य मला सांगता आलं नाही. कागदावर सही मागितली होती. आता पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला तोंडानंही बोला म्हणायचं? उद्या सांगू, परवा सांगू करत पंधरा दिवस गेले. त्याऐवजी फोन वाजला की मीच धावायचो. उमरखेडचा एक जिनिंगवाला रोलर कधी मिळेल विचारायला दिवसातून दोनदा फोन करायचा, आणि दर वेळी मी हातातलं काम टाकून पळायचो. चाचा म्हणाले, "काहून इतका पळून राह्यला बे? फोन कुठी पळून चालला काय?"

त्या दुपारी एका ट्रॉलीचा फाळका तुटून आला होता. मी डोक्यावर हेल्मेट ओढून वेल्डिंगला बसलो. घंटी ऐकूच आली नाही. जोड संपवून काच वर केली, तर चाचा फोनशी उभे. सरकारी माणसाशी ते कधी बसून बोलत नसत.

"सिर्फ वेल्डर? नहीं मैडम, आपको गलत बताया किसी ने," ते त्यांच्या ठेवणीतल्या हिंदीत सांगत होते. "वेल्डर तो यहाँ गली-गली में मिलता है. ये आदमी लेथ चलाता है, गियर काटता है, मोटर भरता है. बारा साल मैंने खुद सिखाया... हाँ, वो चिट्ठी छोटी थी, मैडम. आप लिखो, मैं पूरा बताता हूँ."

मी दोन पावलांवर होतो. फोन हातातून ओढून घेता आला असता. पण त्यांनी एक एक काम सांगायला सुरुवात केली होती, पहिल्या पत्रात होतं अगदी त्याच क्रमानं, एकही न विसरता. प्रत्येक कामाबरोबर माझं कॅनडा जात होतं, आणि माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोन ठेवला. चेहरा ईदच्या दिवशी असतो तसा.

"सारं लिहून घेतलं तिनं, बेटा. दोनदा इचारलं मले, पक्कं ना म्हणे. मी म्हटलं, एकदम पक्कं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांग, आता तुले कोन रोकते?"

"कोनीच नाही, चाचा," मी म्हणालो.