दिवस मावळायच्या आत

कृष्णातच्या आवाजावर या भागातले किती पैलवान मोठे झाले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ठेवली असती तर निम्म्या पैलवानांनी ती नाकारलीच असती. कुंडलपासून विट्यापर्यंत आणि पलीकडं माण तालुक्यातल्या यात्रांपर्यंत, कुस्तीचं मैदान लागलं की माईक कृष्णातकडं. आखाड्यात दोन पोरं नुसती एकमेकांच्या माना धरून उभी असली तरी हा वरून असं काही बोलायचा की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहायची. पडलेल्या पोराचीसुद्धा तो अशी तारीफ करायचा की जिंकणाऱ्यालाच शंका यावी. एवढी वाणी लाभलेल्या माणसाला स्वतःच्या पोरीचा खेळ बघायला मात्र एक माणूस आणता येत नव्हता, आणि त्या काळजीनं तो आतून पार पोखरला होता.

पोरगी म्हणजे संयोगिता, बारावीला. शाळेतल्या खेळाच्या सरांनी मुलींचा बेसबॉलचा संघ काढला तेव्हा एक मुलगी कमी पडत होती, म्हणून हिला उभी केली होती. शाळू राखताना दगड भिरकावून पाखरं उठवणारा हात तो. चेंडू हातात आला आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरशिवाय तिला दुसरी जागाच उरली नाही. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्याला दोनदा गेली. पण सांगलीचा संघ पहिल्याच दिवशी हरून परत यायचा आणि खेळाडू निवडणारी माणसं यायची तिसऱ्या दिवशी.

बारावीनंतर सगळंच संपणार होतं. शाळेपुढं मुलींना बेसबॉल खेळायला इकडं काहीही नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात मुलींचा संघ होता. संघात घेतलं की वसतिगृह, फी, सगळं कॉलेजचं. घ्यायचं कुणाला ते ठरवायचे धनपाल सर, आणि तेही स्वतःच्या डोळ्यांनी बघून. यंदा त्यांना एकच पिचर हवी होती. "आप्पा, ह्ये सुटलं तर मी काय करू?" असं संयोगिता एकदा जेवताना म्हणाली होती. तेव्हापासून कृष्णातला घास गोड लागत नव्हता.

आधी त्यानं सरांना व्हिडिओ पाठवला. पोरीच्या प्रत्येक चेंडूवर स्वतःचा आवाज चढवून. "आली रणरागिणी, सुटला चेंडू, थरारली धरणी!" तीन आठवडे काही नाही. मग सरांचा निरोप आला, "व्हिडिओ पाहिला. आवाज बंद करून पाहिला. एवढ्यावरून काही कळत नाही, प्रत्यक्ष बघावं लागेल." दुसरा माणूस खट्टू झाला असता. कृष्णातनं त्यातलं 'प्रत्यक्ष' तेवढं धरलं आणि फोनवर फोन करून सरांना भंडावून सोडलं. सर मूळचे सांगलीजवळचेच, जैन शेतकऱ्याच्या घरातले. फेब्रुवारीत घरच्या पूजेला येणार होते. शेवटी कंटाळून म्हणाले, "शनिवारी दुपारी चारला येतो. दिवस मावळेपर्यंत थांबेन, मग निघेन. पुन्हा येणं होणार नाही."

मैदान हवं, समोर खेळायला संघ हवा. साताऱ्याच्या मुली यायला तयार झाल्या. मैदान नानासोंचं. नानासो म्हणजे यात्रेचे, मैदानांचे, या भागातल्या सगळ्याच कार्यक्रमांचे धनी. कृष्णातच्या हातातला माईकही त्यांच्याच मेहेरबानीचा. त्यांनी मैदान दिलं, मांडव दिला, भोंगे दिले. वर म्हणाले, "पुण्याचा पाव्हणा येतोय, गड्या. सत्कार दणक्यात व्हाया पायजे. आन जेवल्याबिगर सोडायचा न्हाई."

जेवणाचं नाव निघालं तसं कृष्णातला आठवलं. "आवं नानासो, सर दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. पाणीबी घेत न्हाईत. तेवढं उजेडातच उरकाया लागंल बघा."

"उरकू की. त्यात काय," नानासो म्हणाले. आपण पाहुण्याची किती बारकाईनं काळजी घेतली याचं कृष्णातला त्या दिवशी समाधानच वाटलं.

शनिवारी सर चारच्या ठोक्याला आले. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पिचर कुठली?" संयोगिता मैदानाच्या कडेला चेंडू झेलणाऱ्या कॅचरबरोबर हात गरम करत होती. एकेक चेंडू सणसणत जात होता. सर दोन पावलं तिकडं निघाले, तोवर नानासोंनी त्यांचा दंड धरून त्यांना मांडवात नेलं.

आपल्याकडचा सत्कार ज्यानं सोसला आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. सरांना फेटा बांधला. शाल, श्रीफळ. मग नानासोंचा सत्कार. मैदान झाडलं त्यांचा, मांडव उभारला त्यांचा, साताऱ्याच्या संघाबरोबर आलेल्या बाईंचा, आणि बाईंना गाडीतून घेऊन आलेल्या ड्रायव्हरचासुद्धा. एकाला नारळ दिला आणि शेजारच्याला नाही दिला तर तो माणूस पुढची पाच वर्षं तोंड फिरवून जातो, हे कृष्णातला पक्कं माहीत. नावांमागून नावं येत होती, तो ती सजवून, फुलवून उच्चारत होता. आयुष्यभर हेच केलेलं. तोंड आपोआप चालत होतं, डोळे मात्र पोरीकडं होते. ती हात गरम करून थांबली. थोड्या वेळानं परत चार चेंडू टाकले. परत थांबली. मग अंगात जर्किन चढवून नुसतीच बसली. पिचरचा खांदा गार पडला की चेंडू ऐकत नाही, हे तिनंच त्याला कितीदा सांगितलं होतं. तरी पुढचं नाव त्यानं तेवढ्याच जोरात घेतलं.

खेळ सुरू व्हायला सव्वापाच वाजून गेले. त्यात नाणं साताऱ्याच्या बाजूनं पडलं आणि त्यांनी संयोगिताच्या संघाला आधी बॅटिंगला घातलं. आपल्याच मुली टोलवत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते, आणि कृष्णात मनातल्या मनात म्हणत होता, बाद व्हा गं बायांनो, लवकर बाद व्हा. सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आला. एकदाच्या मुली बाद झाल्या. संयोगिता जर्किन काढून मैदानाच्या मधोमध निघाली.

त्याच वेळी मांडवात नानासो उठले. "चला सर. दिस बुडायच्या आत दोन घास खाऊन घ्या. पानं वाढल्यात."

"पण ती मुलगी आता..." सर म्हणाले.

"ती कुठं पळून जातीय? जेवायची येळ टळली तर तुमी उपाशी ऱ्हाशीला. कृष्णातनंच बजावलंय मला."

नानासोंनी सरांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. गाडी उसातल्या वाटेनं मळ्यातल्या घराकडं गेली. कृष्णात माईक हातात घेऊन त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिला. खुर्चीवर शाल आणि नारळ तेवढा होता. एवढी वर्षं मैदानं गाजवली, पण इतकं असहाय त्याला कधी वाटलं नव्हतं. धावत जावं तर माईक कुणाकडं द्यायचा, आणि गेला तरी नानासोंच्या पंक्तीतून पाहुण्याला ऊठ म्हणायची त्याची काय छाती?

मग त्याची नजर भोंग्यांवर गेली. नानासोंनीच सांगून एका भोंग्याचं तोंड मळ्याकडं करून घेतलं होतं, घरच्या बायकांना कार्यक्रम ऐकू यावा म्हणून.

त्यानं माईक तोंडाशी नेला. "रणरागिणी संयोगिता सज्ज झालेली हाय! वाघीण ही वाघीण..." आणि तो अडखळला. वाघीण तो दुपारपासून म्हणत होता. सरांनी ते एकदा आवाज बंद करून पाहिलं होतं. भोंग्याचा आवाज बंद करायला काय, घराची खिडकी लावून घेतली की झालं.

संयोगितानं पहिला चेंडू टाकला. तो कॅचरच्या डोक्यावरून गेला.

"बाहेर," कृष्णात म्हणाला. साध्या आवाजात. त्याचा त्यालाच तो ओळखू येईना.

दुसराही बाहेर. तिसरा जमिनीवर आपटला. चौथा बाहेर, आणि समोरची मुलगी चार वाईट चेंडूंच्या बक्षिसात फुकटात पहिल्या बेसवर चालत गेली.

"धनपाल सर, ऐकताय का?" तो म्हणाला. "चारी चेंडू बाहेर गेले. पोरीचा खांदा गार पडलाय. तिची चूक न्हाई. तासभर मीच नारळ वाटत बसलो."

मांडवातले लोक एकमेकांकडं बघायला लागले. नानासोंचा गडी गुंडा लगबगीनं आला आणि कानाशी लागला, "सोसायटीचं चेअरमन आल्यात. नानासोंनी सांगून ठेवलंय, सत्कार घ्या."

"आता न्हाई."

"आवं, चेअरमन हायत!"

"आता खेळ हाय, गुंडा. बस खाली." हे माईकवरून सगळ्यांनी ऐकलं. चेअरमनांनीही.

दुसऱ्या मुलीला पहिले दोन बाहेर. कृष्णात ते तसंच सांगत होता. झाकत नव्हता, सजवत नव्हता. पोरीनं चेंडू हातात फिरवला, खांदा एकदा गरकन फिरवला आणि टाकला. "आत," तो म्हणाला. परत आत. मग समोरचीनं बॅट फिरवली तेव्हा चेंडू केव्हाच मागं जाऊन पोचला होता. "आत. मुलगी बाद. सर, आता हात गरम झालाय. दिस अजून बोटभर वर हाय. या की ओ, सर. एवढंच बघा. मी तुमच्या पाया पडतो, पर बघा." हे शेवटचं आपण माईकवर बोललो याचं त्याला भान राहिलं नाही. मैदानाच्या मधोमध संयोगितानं मात्र मान खाली घातली आणि बाहीनं डोळे पुसले.

तिसरी मुलगी खेळायला आली, आणि उसाच्या वाटेनं एक माणूस पळत येताना दिसला. फेटा वाटेत कुठं तरी पडला होता. सर मांडवात आले नाहीत, थेट कॅचरच्या मागं जाळीला जाऊन उभे राहिले. त्यांनी जाळीला हात लावला तेव्हा कृष्णातला दिसलं, बोटांना वरणभात तसाच होता. ते जेवणावरून उठून आले होते. सूर्याची कड उसात बुडत होती. म्हणजे आता या माणसाच्या पोटात उद्या सकाळपर्यंत काही जाणार नव्हतं, पाण्याचा थेंबसुद्धा.

कृष्णातनं माईक बंद केला. चाळीस वर्षं चाललेल्या तोंडाला एकदम कुलूप बसलं.

आणि तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरतानाचा, घट्ट, भरलेला, ठप्प. पोरगी सहा वर्षं खेळत होती आणि हा आवाज त्यानं एकदाही ऐकला नव्हता, कारण प्रत्येक वेळी तोच बोलत असायचा. ठप्प. पुन्हा ठप्प. तिसरी मुलगी बाद झाली. पुढचीला दोनच चेंडू टाकून झाले आणि पंचांनी उजेड नाही म्हणून खेळ थांबवला.

तेवढ्यात नानासोंची गाडी आली. ते उतरतानाच ओरडले, "कृष्णात! माझ्या घरात पाव्हणा ताटावरनं उठला! आजवर कवा झालं न्हाई ह्ये! आन चेअरमनचा सत्कार तू टाळतोस? यंदाच्या यात्रेच्या मैदानात तुजा आवाज ऐकू आला न्हाई पायजे."

"व्हय," कृष्णात म्हणाला. त्याचं लक्षच नव्हतं. तो सरांकडं चालला होता.

सर संयोगिताशी बोलत होते. बोलून झाल्यावर त्याच्याकडं वळले. "मी लगेच हो म्हणत नाही. जूनमध्ये तिला आठ दिवस पुण्याला पाठवा. माझ्या मुलींबरोबर टाकू दे, मग सांगतो."

"सर, तुमी उपाशी..."

"दुपारभर तुम्ही तिला वाघीण म्हणत होता, तेव्हा मी तुमच्याकडं लक्षसुद्धा दिलं नाही," सर म्हणाले. "चारी बाहेर गेले म्हणालात, तेव्हा कान टवकारले. मग एक आत गेला म्हणालात, तेव्हा उठलो. असली पोरगी मला बघायची होती." मग खिशातून रुमाल काढून ते बोटं पुसायला लागले. कृष्णात घाईघाईनं तांब्या घेऊन आला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. सरांनी हात धुतले आणि ओठ कोरडेच ठेवून गाडीकडं गेले.