हुरड्याचं आवतण

आमच्या साहेबांच्या बंगल्याची बाग वर्षातून एकदा, थंडीतल्या एखाद्या रविवारी, कंपनीतल्या लोकांना सहकुटुंब बघायला खुली असायची. मी आकुर्डीला त्या कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो आणि अजून पर्मनंट व्हायचा होतो. तेव्हा साहेबांच्या दारी जावं, चार लोकांत नीट दिसावं आणि गुपचूप परत यावं, एवढाच माझा बेत. वडिलांना न्यायचं माझ्या मनातही नव्हतं. पण 'बाग' हा शब्द आबांच्या कानावर पडला, आणि रविवारी सकाळीच ते दाढी करून, धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून ओट्यावर तयार बसले.

निघताना मात्र त्यांचा पाय निघेना. घरात जाऊन फडताळ उघडून काहीतरी धुंडाळू लागले.

"दुसऱ्याच्या मळ्यात जायाचं, अन् हात हालवत?"

"आबा, तिथं काही न्यायचं नसतं," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं नाही. पण न्यायला तरी घरात काय होतं? आमची जमीन आदल्याच वर्षी औद्योगिक वसाहतीत गेली होती. ज्वारीसुद्धा आता दुकानातून यायची.

बाग देखणी होती, यात वादच नाही. तांबड्या मुरमाच्या सरळ वाटा, दोरी लावून कापल्यासारखी मेंदीची कुंपणं, मधोमध कारंजं. डाव्या वाफ्यात जितके गुलाब, तितकेच उजव्या वाफ्यात. ऑफिसर लोकांच्या बायका त्या वाटांवरून हळू आवाजात बोलत फिरत होत्या. मला तर तिथं श्वाससुद्धा बेताबेतानं घ्यावासा वाटत होता.

हिरवळीच्या कडेला आबा थांबले, वहाणा काढून हातात घेतल्या आणि खळ्यावर पाय टाकावा तसे अनवाणी पुढं गेले. मग कमरेवर हात ठेवून मोठ्यांदा म्हणाले, "आरं बाबा! ह्या गवतावर चार म्हशी पोसत्याल की!"

आमच्या हेडक्लार्कची बायको तोंडाला पदर लावून हसली.

"आबा, हळू बोला."

"का? कुनी निजलंय का हितं?"

म्हातारा आज माझं नाक कापणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्याकडं रीत अशी, की कुणाच्या मळ्यात गेलं तर पाहुण्यानं आपण होऊन काहीतरी तोडायचं. वांगं, कणीस, काहीच नाही तर कोथिंबिरीची काडी. न तोडणं म्हणजे मालकाचं पीक तुमच्या मनात भरलं नाही. मालकानं "आजून घ्या की" म्हणायचं, आणि पाहुण्यानं निघताना "आता तुमी आमच्याकडं या" म्हणायचं. आबांचं सगळं आयुष्य याच देवघेवीत गेलं होतं.

तर आबांनी वाफ्यातला सगळ्यात टपोरा तांबडा गुलाब देठासकट खुडला.

"ओ बाबा, ओ!" माळी ओरडत धावला. सगळी बाग आमच्याकडं वळून बघायला लागली. धरणी दुभंगावी आणि तिनं मला पोटात घ्यावं असं झालं. नोकरी गेलीच, असंही वाटलं. आणि इतक्यात साहेबांच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

बाई पुण्याच्या, बोलायला मऊ. त्यांनी माळ्याला हातानंच थांबवलं. "असू दे रे. आवडला ना आजोबा तुम्हाला? घ्या."

आबा खुलले. मालकिणीनं रीत पाळली होती. आता त्यांची पाळी होती.

"लई झ्याक ठिवलीया बाग. आता तुमी आमच्या मळ्याला या. हुरड्याला या. सायबास्नी बी आना."

"अय्या, हुरडा! यांना इतका आवडतो!" बाई खरंच हरखल्या. "येऊ की. पुढच्या रविवारी आलो तर चालेल? कुठं आहे तुमचा मळा?"

आबांचा हात सवयीनं वर झाला. कुंपणापलीकडं, पूर्वेला. तिथं नव्या शेडचे पत्रे उन्हात चमकत होते. हात तसाच राहिला. तोंडही उघडं राहिलं. जन्मभर घोकलेलं आवतण जिभेवरून आपसूक निघून गेलं होतं, आणि बाईंनी ते खरं धरलं होतं.

"कुठं म्हणालात?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"त्यो... व्हता," आबा म्हणाले.

मघापासून मी माझ्याच लाजेनं मरत होतो. आता आबांचा चेहरा बघितला आणि ती लाज किती किरकोळ होती ते कळलं. आमच्या शिवारात ज्याच्या शब्दाला वजन होतं, तो माणूस एका परक्या बाईसमोर खोटा पडल्यासारखा मान खाली घालून उभा होता. त्यांच्याकडं बघवेना.

सरबताचे ग्लास मांडलेलं एक टेबल शेजारीच होतं. आबांनी गुलाब त्यावर अलगद ठेवला.

"अहो, घ्या ना! माळ्याचं काय मनावर घेता?" बाई म्हणाल्या.

"तसं न्हाई बाई. मला घेता यायचं न्हाई."

हिरवळ ओलांडून ते वहाणा हातात घेऊनच फाटकाबाहेर गेले. मीही त्यांच्या मागोमाग निघालो.

घरी आल्यावर आईनं नेहमीप्रमाणं त्यांचं उपरणं हातात घेतलं. आबा कुणाच्याही मळ्यातून आले की उपरण्याच्या टोकाला गाठ असायची आणि ती गाठ आईनंच सोडायची. तिनं एक टोक बघितलं, दुसरं बघितलं.

"काय दिलं न्हाई व्हय त्यांनी?"

"दिलं की," आबा म्हणाले. "मीच न्हाई घेतलं. त्यास्नी कुठं बोलवू?"

आईनं उपरणं झटकलं आणि दांडीवर टाकलं.